मे महिन्यातील आठ दिवस

मे महिना लागला की आपल्या मालवण किनाऱ्यावरील बाईमाणसाला क्षणाची फुरसत नसते. पावसाच्या आत रातांबे फोडून सोलां वाळवावयाची, काजूबिया भाजावयाच्या, सुके मासे भरून ठेवावयाचे, फणसाची साठे घालावयाची, सरपण रचावयाचे. त्यातच मुंबईहून आलेली चाकरमानी मंडळी. अशा वेळी घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचे दोन हात म्हणजे आईला मोठाच आधार. आणि नेमक्या याच महिन्यात मुलींची शिबिरे भरतात! "सुट्टीत मुलीला घराबाहेर नेऊन ठेवण्याचे हे खूळ काढले तरी कोणी?" असे एका सभासद भगिनीने मला मंडळाच्या बैठकीत विचारले. प्रश्न रागाचा होता, पण मला तो इतिहासाचा वाटला. आपल्या शेजारच्या ख्रिस्ती घरांतील मुली कॉन्व्हेंटच्या शिबिरांना जात आल्या आहेत, म्हणून विशेषतः कॅथलिक शिबिरांची हकीकत येथे सांगते.

मूळ कल्पना अमेरिकेतली. न्यू हॅम्पशायर प्रांतात अर्नेस्ट बाल्च नावाच्या तरुणाने 1881 साली मुलग्यांचे शिबिर एका तळ्याकाठी भरविले. शहरातील सुखवस्तू घरांची मुले उन्हाळ्यात हॉटेलांत आळसावतात, त्यांनी स्वतःची भांडी स्वतः घासावीत, होडी वल्हवावी, हा त्याचा हेतू. मुलींना त्यानंतर बरीच वर्षे वाट पाहावी लागली. लॉरा मॅटून या न्यूयॉर्कच्या शिक्षिकेने 1902 मध्ये त्याच प्रांतात मुलींसाठी 'केहोंका' नावाचे शिबिर सुरू केले. इंग्लंडात तर मुलींनी वाटच पाहिली नाही. बेडन-पॉवेल यांनी 1909 च्या सप्टेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये बालवीरांचा मेळावा भरविला, तेथे काही मुली आपण होऊन, बोलावणे नसता हजर झाल्या. त्यांना हुसकावता येईना, तेव्हा 1910 मध्ये त्यांच्यासाठी गर्ल गाइड ही वेगळी संस्था निघाली. पुढच्याच वर्षी जबलपूरला हिंदुस्थानातले पहिले पथक उभे राहिले. ते गोऱ्या मुलींचे होते. आपल्या मुलींना दार उघडले ते 1916 साली.

कॅथलिक धर्मसंस्था मात्र या सर्वांकडे प्रथम जपूनच पाहत होती. गाइडची चळवळ इंग्रजांची, म्हणजे प्रॉटेस्टंटांची, हा एक संशय. आणि मुलींनी उघड्यावर खेळावे-धावावे की नाही, हा दुसरा. पोप अकरावे पायस यांनी 1929 च्या अखेरीस शिक्षणाविषयी जे परिपत्रक काढले, त्यात मुलामुलींच्या सहशिक्षणाला विरोध आहे आणि मुलींच्या कसरती लोकांसमोर होऊ नयेत असेही बजावले आहे. हे वाचून मला हसू आले, कारण आपल्याकडच्या कित्येक आजोबांचे मत तंतोतंत हेच होते. पण नुसते "नको" म्हणून मुली थांबत नाहीत, हे तिथल्या जाणत्यांनी ओळखले होते. फ्रान्समध्ये 1923 सालीच कॅथलिक मुलींची स्वतंत्र गाइड संस्था निघाली होती. तंबू तोच, शेकोटी तीच. फक्त सकाळी मिस्सा आणि रात्री प्रार्थना.

याहून धीट प्रयोग हॉलंडमध्ये झाला. फान खिन्नेकेन या जेझुइट पाद्रीने 1921 मध्ये स्त्रियांचा एक संघ स्थापन केला. पुढे 'ग्रेल' नावाने ओळखल्या गेलेल्या या संघाच्या बायका मठातल्या नव्हेत. लग्न न करता समाजात राहून काम करणाऱ्या. त्यांनी तरुण मुलींना एवढे जमविले की पुढील दशकात ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिक मैदानावर हजारो मुलींची धार्मिक नाट्ये झाली. पोपसाहेबांची ताकीद आणि हे मैदान, दोन्ही एकाच काळातली! हॉलंडवर जर्मनांचा ताबा आल्यावर ही मुलींची चळवळ बंद पाडण्यात आली. पण त्याआधी, 1940 मध्ये, दोन डच बायका अमेरिकेस पोहोचल्या होत्या. शिकागोजवळ लिबर्टीव्हिल येथील डॉड्रिज फार्मवर त्यांनी तरुण मुलींसाठी उन्हाळी वर्ग घेतले आणि 1944 मध्ये ओहायोतील लव्हलंड येथे कायमचा मुक्काम केला. तेथे मुली शेत खणीत, पाव भाजीत, गाणी बसवीत आणि प्रार्थनेचा अर्थ शिकत.

इथे माझ्यासारख्या कोकणच्या बाईला थबकावे लागते. शेत खणणे आणि भाकरी भाजणे शिकावयास आमच्या मुलीने शिबिराला का जावे? ते तर ती घरी रोजच करते! अमेरिकेतल्या मुलीला शिबिराने झाडे, पाणी आणि कष्ट दिले. आमच्या मुलीकडे समुद्र परसदारी आणि कष्ट पहाटेपासून. तिच्याकडे नव्हते ते एवढेच, की आठ दिवस कोणी हाक मारणार नाही, ताट वाढलेले मिळेल आणि रात्री बरोबरीच्या मुलींशी पोटभर बोलता येईल. शिबिर तेच, पण किनारा बदलला की त्याचा अर्थ असा उलटा होतो.

माझ्या लहानपणी आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरातील मुलीला शिबिराला जावयाचे होते. तिची आई अडून बसली. अंगणात रातांब्यांचा ढीग, सोलांना दररोज आगळात घालून पुन्हा उन्हात पसरावयाचे. एक दिवस चुकला तर बुरशी. बापाची हरकत नव्हती. रात्री मुली सिस्टरांच्या देखरेखीखाली राहणार, एवढ्यावर त्याचे समाधान होते. अडले होते ते सोलांवर. शेवटी माझी आई कुंपणापाशी जाऊन म्हणाली, "धाड गे तिका. सोलां मी बघतंय." आणि तिने ती आठही दिवस बघितली. त्यातली निम्मी उलटापालट माझ्याच वाट्याला आली, हे सांगितले पाहिजे. मुलगी परत आली ती नवीन गाणी घेऊन आणि चारचौघांत उभे राहून बोलावयाची सवय घेऊन. तिच्या आईला दुसरी गोष्ट फारशी रुचली नाही.

मुलींना घराबाहेर मुक्कामाला नेणारे केवळ ख्रिस्ती नव्हते, हेही नमूद करावेसे वाटते. वर्ध्याला 1936 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेविका समितीचे वर्ग होत. 1941 पासून राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांत तर मुली मुलग्यांच्या बरोबरीने जात. विचार एकमेकांपासून कोसभर दूर, पण मुलीच्या आईची समजूत घालण्याचे काम सर्वांना सारखेच करावे लागले असणार. पुण्यास 1966 च्या ऑक्टोबरात 'संगम' हे गाइड मुलींचे जागतिक केंद्र उघडले, तेव्हा देशोदेशींच्या मुली महाराष्ट्रात मुक्कामाला येऊ लागल्या. आपल्याकडील कॅथलिक चर्चांचा कारभार पूर्वी पुणे धर्मप्रांताकडे असे. 5 जुलै 2005 रोजी सिंधुदुर्गचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला.

हल्ली सोलां पुष्कळ घरी विकतच येतात, त्यामुळे ती अडचण सरली. आता आया विचारतात ते दहावीच्या क्लासचे. मे महिन्यातच तो सुरू होतो, आणि आठ दिवसांच्या शिबिराला मुश्किलीने तीन दिवस मिळतात. परवा एक आई शिबिराच्या सिस्टरांना विचारीत होती की मुलीला मोबाईल जवळ ठेवू द्याल ना. सिस्टर नाही म्हणाल्या. मुलगी मागे उभी होती. तिची काही तक्रार दिसली नाही.