पूर्वेचा मोती

मोटारींच्या स्पर्धांचा इतिहास म्हटला की इंग्लंडातील ब्रुकलँड्स येथील काँक्रीटचा मार्ग किंवा फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत, एवढ्याच गोष्टी बहुधा आठवतात. या विषयाचा आपल्या मुलुखाशी काही संबंध असेल अशी कल्पनाही सहसा कोणी करीत नाही. परंतु ब्रुकलँड्सचा मार्ग खुला होऊन जेमतेम वर्ष लोटले होते, त्या 1908 साली एका इंग्रजी मोटारीने आपला कस दाखविला तो मुंबई-कोल्हापूरच्या रस्त्यावर आणि सह्याद्रीच्या घाटांत. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’, म्हणजे ‘पूर्वेचा मोती’, हे त्या मोटारीचे नाव. आमच्या अमरगोळवरून जाणारा हुबळी-धारवाड रस्ता पुढे बेळगाव व निपाणी करीत कोल्हापुरास जाऊन मिळतो. तेव्हा ही हकीकत आपल्याच वाटेवरची आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

ही मोटार रोल्स-रॉइस कंपनीची होती. या कंपनीच्या जोडनावामागे दोन अगदी भिन्न परिस्थितींतील माणसे होती. हेन्री रॉइस हा एका गिरणीवाल्याचा मुलगा. त्याने लहानपणी वर्तमानपत्रे विकली, तारा पोचविल्या आणि यंत्रविद्या बव्हंशी स्वतःच्या हिंमतीवर संपादन केली. चार्ल्स रोल्स हा उमरावाचा मुलगा, केंब्रिजला शिकलेला आणि वेगाचा मोठा शोकी. 4 मे 1904 रोजी मँचेस्टर येथील एका हॉटेलात या दोघांची गाठ पडली. दोनच वर्षांनी, 1906 साली, आयल ऑफ मॅन बेटावरील टूरिस्ट ट्रॉफीची शर्यत रोल्सने रॉइसच्या मोटारीतून जिंकली.

परंतु शर्यत जिंकणे ही एक गोष्ट आणि गिऱ्हाइकाचा विश्वास जिंकणे ही दुसरी. त्या काळची मोटार म्हणजे एक लहरी प्राणी होता. ती केव्हा थांबेल याचा नेम नसे. टायर फुटावयाचे, प्रज्वलन बिघडावयाचे, चढावर पाणी उकळावयाचे. आणि धनी मुकाट्याने बैल जोडून गाडी घरी न्यावयाचा. म्हणून निव्वळ वेगाच्या शर्यतीहून निराळा असा एक प्रकार पुढे आला. त्याला विश्वासार्हतेची चाचणी म्हणत. तीत सर्वांत आधी कोण पोचला यापेक्षा, न अडखळता कोण पोचला, हे पाहिले जाई. रस्ता मुद्दाम कठीण निवडीत आणि वाटेत यंत्र आपण होऊन थांबले की गुण गमवावे लागत.

रॉइसने 1906 च्या अखेरीस लोकांपुढे मांडलेली चाळीस-पन्नास अश्वशक्तीची मोटार अशा परीक्षेकरिता जणू घडविलेलीच होती. तीन-तीनच्या दोन गटांत बसविलेले सहा सिलिंडर, सात हजार घन सेंटिमीटरांहून थोडी अधिक क्षमता, आणि सात ठिकाणी भक्कम आधार दिलेला मुख्य दांडा, अशी तिची रचना होती. या दांड्याला तेल आपोआप, दाबाने पोचे. ठिणगी पाडण्याची योजना दुहेरी असल्यामुळे एक व्यवस्था बंद पडली तरी दुसरीवर गाडी चालत राही. यातील पुष्कळ कल्पना इतरांनाही ठाऊक होत्या. रॉइसचे वैशिष्ट्य एवढेच की, प्रत्येक भाग मनासारखा होईपर्यंत तो कारखान्याबाहेर जाऊ देत नसे.

याच जातीच्या एका मोटारीला 1907 साली कंपनीचे व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन यांनी रुपेरी मुलामा देऊन ‘सिल्व्हर घोस्ट’ असे नाव ठेविले. तिने त्या वर्षी चौदा हजारांहून अधिक मैलांची मजल आपण होऊन न थांबता मारली. मूळ नाव त्या एकाच गाडीचे; पण पुढे साऱ्या जातीलाच ते चिकटले. गाडीला माणसासारखे नाव ठेवण्याची तेव्हा रीतच होती. ‘पूर्वेचा मोती’ हे नाव त्याच रीतीचे.

1908 च्या मुंबई-कोल्हापूर चाचणीत या ‘मोत्या’ने एकंदर 620 मैल, म्हणजे सुमारे एक हजार किलोमीटर, अंतर तोडले आणि वाटेत यंत्र एकदाही आपण होऊन थांबले नाही. आज चार पदरी रस्त्यावरून जाणाऱ्यास यात विशेष काय, असे वाटेल. म्हणून त्या वेळची परिस्थिती ध्यानात आणली पाहिजे. रस्ता मुरूम आणि खडीचा. त्यावर बैलगाडीच्या लोखंडी धावांनी पाडलेल्या चाकोऱ्या. पेट्रोलचे पंप नव्हते, पेट्रोल डब्यांतून मिळे. मुंबईहून निघालेल्या प्रवाशापुढे पहिली भिंत उभी राहते ती बोरघाटाची, आणि पुण्याच्या दक्षिणेस कात्रज व खंबाटकी वाट अडवून बसलेले आहेत. चढणीइतकीच उतरणही बिकट असे. त्या मोटारीच्या पुढच्या चाकांना ब्रेक नव्हतेच. पायाचा ब्रेक यंत्राकडून चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर चाले आणि हाताचा मागच्या चाकांवर. एवढ्या भरवशावर इतकी जड गाडी घाटाच्या वळणांतून खाली आणणे, हे चालविणाराच्या मनगटाचे आणि धीराचेच काम होते.

इंग्लंडातील गिऱ्हाइकाला या यशाचा अर्थ लगेच उमगला. हिंदुस्थानचे ऊन, धूळ आणि घाट यांतून जी गाडी निभावते ती कोठेही निभावेल, असे समीकरण झाले. ही मोटार पुढे ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी विकत घेतली. यंत्रांची आवड असलेला हा राजा. ग्वाल्हेरच्या राजवाड्यात भोजनाच्या मेजावरून फिरणारी चांदीची छोटी आगगाडी आजही पाहावयास मिळते. त्यानंतर संस्थानिकांमध्ये या मोटारींची जणू चढाओढच लागली. 1911 च्या दिल्ली दरबाराकरिता सरकारने याच जातीच्या आठ गाड्या मागविल्या. पहिल्या महायुद्धात त्याच यंत्रावर पोलादी चिलखते चढली आणि अरबस्तानच्या वाळवंटात त्या गाड्या लढल्या. 1926 पर्यंत इंग्लंड व अमेरिका मिळून या जातीच्या पावणेआठ हजारांहून अधिक मोटारी तयार झाल्या. रोल्सला मात्र हे वैभव पाहावयास मिळाले नाही. 12 जुलै 1910 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तो विमानाच्या अपघातात मरण पावला.

येथवर झाला तो यंत्राचा आणि धन्यांचा इतिहास. परंतु इतिहास शिकविणाऱ्याला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: या यशाचे वाटेकरी आणखी कोण? बोरघाटातील गाडीरस्ता 1830 साली खुला झाला. तो ज्यांनी सुरुंग लावून फोडला, दरवर्षी पावसाने वाहून गेलेली खडी ज्यांनी डोक्यावरून पुन्हा आणून टाकली, त्यांची नावे चाचणीच्या हकीकतीत येत नाहीत. मोटारीचे नाव राहिले, मैलांचा आकडा राहिला, खरेदीदाराचे नाव राहिले. एका गाडीच्या नुसत्या सांगाड्याची किंमत तेव्हा हजार पौंडांच्या आसपास, म्हणजे पंधरा हजार रुपयांच्या घरात जाई. ज्या रयतेच्या सारावसुलीतून अशा गाड्या येत, तिच्या वाट्याला त्यांची धूळ तेवढी येई. याच्या उलट चित्रही त्याच काळात दिसते. ज्या कोल्हापूरच्या नावाने ही चाचणी झाली, तेथे शाहू महाराजांनी 1902 सालीच मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या, आणि राधानगरीच्या धरणाचा उद्योगही याच सुमाराचा आहे. राजाचा पैसा कोठे गेला म्हणजे तो टिकतो, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

तरीही त्या मोटारीला केवळ श्रीमंतांचे खेळणे म्हणून बाजूस सारणे न्यायाचे होणार नाही. यंत्र मध्येच दगा देत नाही, हे आधी कोणीतरी सिद्ध करावयास हवेच होते. त्याशिवाय सामान्य माणसाने आपला जीव आणि वेळ त्याच्या हवाली केला नसता. 1 जून 1948 रोजी मुंबई राज्याच्या परिवहन खात्याची पहिली बस पुण्याहून अहमदनगरला गेली. पुढे लाल गाड्या कात्रज व खंबाटकी ओलांडून खेडोपाडी पोचल्या. आपल्या भागात ते काम आज वायव्य कर्नाटक परिवहन मंडळ करते. त्याचे मुख्य ठाणे हुबळीसच आहे. अमरगोळच्या बाजार समितीच्या आवारात मिरचीची पोती घेऊन येणारी मालमोटार जेव्हा न थांबता येऊन पोचते, तेव्हा 1908 च्या त्या परीक्षेतील एकच कसोटी ती रोज उत्तीर्ण होत असते; मात्र तिला कोणी मोत्याचे नाव ठेवीत नाही, आणि तिच्या चालकाचे नावही कोठे लिहून ठेविलेले नसते.