स्वयंसेवी मुक्तस्रोत प्रकल्पांतील मानधन

मुक्तस्रोत प्रकल्पात बहुतेक जण विनामोबदला राबत असताना मोजक्यांना ठरावीक कामाचे पैसे देण्याची पद्धत. लिनक्स कर्नलचे बहुतांश काम कंपन्यांचे पगारी अभियंतेच करतात. तिथे याची चर्चा होत नाही. कुरबुर सुरू होते ती एकाच पंगतीत बसलेल्यांपैकी दोघांच्याच हाती पाकीट पडते तेव्हा.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण डेबियन या लिनक्सवर आधारित संगणक प्रणालीचे. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पाच्या आवृत्त्या रखडण्याबद्दल बदनाम होत्या. २००६ मध्ये प्रकल्पप्रमुख अँथनी टाउन्स व काही सहकाऱ्यांनी ‘डंक-टँक’ हा उपक्रम काढला. ‘एच’ ही आवृत्ती ४ डिसेंबरला निघावी म्हणून आवृत्ती काढण्याची जबाबदारी असलेल्या दोन रिलीज मॅनेजरना एकेक महिना पूर्णवेळ कामाचे पैसे द्यायचे, अशी योजना होती. उपक्रम कागदोपत्री डेबियनच्या बाहेरचा. पण प्रमुखच त्यात असल्यावर हा फरक कोणाला पटणार? काही विकासकांनी आपले काम कमी केले, टाउन्स यांना पदावरून हटवण्याचा ठरावही मताला आला आणि फेटाळला गेला. आवृत्ती निघाली ८ एप्रिल २००७ रोजी. उशिराचे सगळे खापर या वादावर फोडणे अन्यायाचे ठरेल. मात्र विरोध निव्वळ पैशाला नव्हता. कोणाला द्यायचे हे कोणी ठरवले, हा त्यातला खरा सल होता.

त्याच डेबियनमध्ये २०१४ पासून जुन्या आवृत्त्यांची सुरक्षा-दुरुस्ती तासांच्या हिशेबाने पैसे देऊन होते. फ्रेक्सियन ही फ्रेंच कंपनी प्रायोजकांकडून निधी गोळा करते. तेवढा गदारोळ या वेळी उठला नाही, कारण वर्षानुवर्षे जुन्या पॅकेजांना ठिगळे लावत बसण्याची हौस कोणालाच नव्हती. संकेतस्थळे बांधण्याची चौकट असलेल्या जँगो प्रकल्पाच्या ‘फेलो’ योजनेतही पगार आहे तो मुख्यतः आलेल्या तक्रारी चाळणे, इतरांचे पॅच तपासणे आणि आवृत्त्या काढणे या कामांना. नव्या सोयी लिहिण्याची मजा बव्हंशी स्वयंसेवकांकडेच राहते. ही वाटणी शहाणपणाची आहे.

महाराष्ट्रात पैसा आला तो कंपन्यांच्या वाटेने. भारतीय लिप्यांचे लोहित फाँट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवले, खर्च रेड हॅटने केला. फाँट जीपीएल परवान्याखाली खुले झाले आणि २०११ मध्ये ओपन फाँट परवान्याखाली आले. त्यांत ‘लोहित मराठी’ वेगळा होता, पुढे तो ‘लोहित देवनागरी’त सामावला. ‘दुसऱ्या’ किंवा ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र पडद्यावर नीट उमटायला फाँट आणि अक्षरजुळणी करणारी प्रणाली दोन्ही धड असाव्या लागतात. असली दुरुस्ती किचकट, आणि तिचे कौतुक कोणी करत नाही. रेड हॅटच्या पुणे कार्यालयात भारतीय भाषांचे पगारी काम चालत असे, आणि त्याच मुक्तस्रोत प्रणालींच्या भाषांतराला स्वयंसेवकही हातभार लावत.

गूगलची ‘समर ऑफ कोड’ योजना २००५ पासून नवख्यांना उन्हाळी विद्यावेतन देते. २०१७ पासून ही रक्कम त्या-त्या देशातील क्रयशक्तीनुसार ठरते. म्हणजे पूर्णा जंक्शनजवळच्या घरात बसून लिहिलेला पॅच आणि झुरिकमध्ये लिहिलेला पॅच एकाच कोडमध्ये शेजारी-शेजारी नांदतात, पण पूर्णेच्या विद्यार्थ्याला कमी पैसे मिळतात. राहणीमानाचा खर्च पाहता हे रास्त आहे, असे योजनेचे समर्थक म्हणतात. काम एकच तर दाम दोन का, असा टीकाकारांचा सवाल आहे.