नगर वाचण्याच्या रीती : रस्ता, नकाशा आणि समाजमाध्यमे

शहराच्या एखाद्या भागाचे कार्य कोणते, हे कोण ठरवते? नगररचनाकाराच्या नकाशात त्याचे उत्तर रंगांनी दिलेले असते : निवासी, व्यापारी, औद्योगिक. प्रत्यक्षात त्याच रस्त्यावर सकाळी भाजीबाजार भरतो, दुपारी शाळा सुटते आणि रात्री कोणी पथारी टाकून झोपते. नकाशातील नाव आणि रस्त्यावरील व्यवहार यांतील हे अंतर जाणून घेण्याचे प्रयत्न दीडशेहून अधिक वर्षे चालू आहेत. गेल्या दोन दशकांत त्यांत समाजमाध्यमांवरील नोंदींची आणि वाहनांच्या मार्गनोंदींची भर पडली. साहित्याच्या अभ्यासकांनी या इतिहासाकडे वळावे, याला एक खास कारण आहे. शहर वाचण्याचे एक महत्त्वाचे नवे तंत्र मुळात संहिता वाचण्यासाठी घडवले गेले होते.

मराठीपुरते बोलायचे तर आरंभ गोविंद नारायण माडगावकरांपासून करावा लागतो. त्यांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली प्रसिद्ध झाले. बाजार, व्यापार, निरनिराळ्या जातीजमाती, देवळे, शाळा, सण या सर्वांची दखल घेणाऱ्या या ग्रंथात शहर म्हणजे त्यात चालणारे व्यवहार, ही जाणीव स्पष्ट आहे. माडगावकरांचे साधन होते डोळे, कान आणि दीर्घ सहवास.

लंडनमध्ये चार्ल्स बूथ या जहाजमालकाने १८८६ साली हाती घेतलेली पाहणी याहून पद्धतशीर होती. तिचा पहिला खंड १८८९ साली निघाला. शाळामंडळाच्या, घरोघर फिरणाऱ्या निरीक्षकांकडून माहिती घेऊन बूथने रस्त्यागणिक आर्थिक स्थितीचा नकाशा रंगवला. पुढे तो सुधारताना त्याचे सहकारी पोलिसांबरोबर रस्तोरस्ती चालले. लंडनच्या सुमारे ३० टक्के लोकसंख्येला दारिद्र्याने ग्रासले आहे, हा त्याचा निष्कर्ष त्या काळी धक्का देणारा ठरला. मात्र नकाशातील सर्वांत खालच्या थराच्या काळ्या रंगाचा खुलासा पाहिला, की त्यात गरिबीच्या जोडीला नैतिक दूषणही आढळते. माहिती रस्त्यावरून आली होती. नाव देणारा वर्ग मात्र दुसरा होता. हा पेच पुढेही सुटलेला नाही.

आता २०१२ सालाकडे येऊ. त्या वर्षी प्रसिद्ध झालेले दोन अभ्यास या क्षेत्रात वारंवार उल्लेखिले जातात. पहिला बीजिंगचा. त्याची बैठक समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे. डेव्हिड ब्ले, अँड्र्यू एन्ग आणि मायकेल जॉर्डन यांनी २००३ साली लेखांच्या मोठ्या संग्रहातील विषय शोधण्याची एक संख्याशास्त्रीय रीत मांडली. कोणते शब्द वारंवार एकत्र येतात, यावरून त्या लेखांमागील विषयांचा अंदाज बांधणे, हे तिचे सूत्र. बीजिंगच्या अभ्यासकांनी हीच रीत शहराला लावली. मोठ्या रस्त्यांनी शहराचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला एक लेख मानले. बारा हजारांहून अधिक टॅक्सींच्या मार्गनोंदींतून कोण कोठून, कोठे आणि केव्हा गेले हे काढले. ते झाले शब्द. तेथील दुकाने, शाळा, उपाहारगृहे यांची यादी लेखाबरोबर येणाऱ्या लेखकनामासारखी जोडीला घेतली. या सर्वांतून जो 'विषय' उमटला, ते त्या भागाचे कार्य. सकाळी जेथून माणसे निघतात आणि संध्याकाळी जेथे परततात तो भाग राहण्याचा, असे सामान्यतः म्हणता येते. परंतु गणिताच्या हाती लागतात ते केवळ गट. त्यांना नाव देण्याचे काम अखेर माणसालाच करावे लागते, आणि तेथे अर्थनिर्णयन सुरू होते.

दुसरा अभ्यास अमेरिकेतील पिट्सबर्गचा. 'फोरस्क्वेअर' या समाजमाध्यमावर लोक आपण कोठे आहोत याची नोंद करीत. अशा सुमारे १ कोटी ८० लाख नोंदींचा संग्रह अभ्यासकांनी जमवला होता. कोणत्या जागी तीच ती माणसे जातात, हे पाहून त्यांनी पिट्सबर्गमधील परिसरांच्या नव्या सीमा आखल्या. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते पुढचे पाऊल : या सीमा खऱ्या आहेत की नाहीत, हे विचारण्यासाठी त्यांनी २७ रहिवाशांच्या मुलाखती घेतल्या. नोंदी कोटींच्या घरात असूनही साक्ष माणसांचीच काढावी लागली.

संहिता म्हटली की लेखक कोण, हा प्रश्न येतोच. बीजिंगची संहिता टॅक्सीत बसणाऱ्यांनी लिहिली. सायकलने किंवा पायी जाणारा तीत नाही. पिट्सबर्गची संहिता हाती स्मार्टफोन असलेल्यांनी, तीही आपण कोठे आहोत हे सांगावेसे वाटले तेव्हाच लिहिली.

हीच दृष्टी आपल्या गिरणगावाला लावून पाहावी. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. १९९१च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनी अन्य वापरासाठी खुल्या होण्याचा मार्ग काढला, आणि फिनिक्स गिरणीच्या आवारात मॉल उभा राहिला. आज लोअर परळचे कार्य केवळ समाजमाध्यमांवरून काढू गेल्यास खरेदी, कार्यालये आणि उपाहारगृहे हेच उत्तर येण्याचा संभव अधिक. शेजारच्या चाळीत कोणी राहते, हे त्यात ठळकपणे उमटेलच असे नाही. आपल्याच घरी असल्याची नोंद सहसा कोण करतो? त्या चाळींचे जग मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या मौखिक इतिहासात सापडते, कारण त्या माणसांपर्यंत गेल्या.

साहित्याचेही असेच. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला, तेव्हा विजय तेंडुलकरांनी प्रस्तावनेत आपल्याला न कळलेल्या शब्दांची मोकळेपणाने कबुली दिली. आम्ही हा संग्रह वर्गात शिकवतो तेव्हा आजही पहिली शंका शब्दार्थाचीच असते. कोणते शब्द शेजारी शेजारी येतात हे यंत्र सांगेल. पण ते कोणाच्या तोंडचे आहेत, हे जाणायला ती वस्तीच ठाऊक असावी लागते.

हा वाद केवळ पद्धतीचा नाही. पथविक्रेत्यांविषयीच्या २०१४च्या कायद्यानुसार दर पाच वर्षांनी किमान एकदा विक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हायला हवे, आणि जागा कोणाला मिळणार हे त्यावर अवलंबून असते. गणनेत न आलेला माणूस पदपथावरूनही हटवला जाऊ शकतो. उद्या असे निर्णय फोनवरील खुणांवर सोपवले, तर दिसणाऱ्यांचेच शहर घडत जाईल.

आणखी एक गोष्ट. माडगावकरांचा ग्रंथ आजही वाचता येतो. बूथच्या टिपणवह्या लंडनमधील ग्रंथालयात जपलेल्या आहेत. याउलट ट्विटरने अभ्यासकांना मोफत मिळणारी वाट २०२३ साली बंद केली, तर फोरस्क्वेअरचे शहर-मार्गदर्शक ॲप डिसेंबर २०२४मध्ये थांबले. या नव्या संहितांची किल्ली खाजगी कंपन्यांकडे आहे.

म्हणून नव्या साधनांकडे पाठ फिरवावी, असे आमचे म्हणणे नाही. एका माणसाच्या पायांना न पेलणारा विस्तार ती दाखवतात. परंतु त्यांनी आमच्याच विद्येची रीत उसनी घेतली आहे, तेव्हा त्या विद्येचे जुने प्रश्नही त्यांना विचारले गेले पाहिजेत : हे कोणी लिहिले, कोणाचे गाळले, आणि नाव कोणी दिले?