कथा कोणाची, ओळखा!

लेखकाचं नाव झाकायचं, दोन पानं वाचायची आणि कथा कोणाची ते ओळखायचं. हा खेळ आपण सगळेच कधी ना कधी खेळलेलो असतो. विज्ञानकथेच्या इतिहासात तो खराखुरा खेळला गेला.

१९६८ पासून अमेरिकेत जेम्स टिपट्री ज्युनिअर या नावाने कथा छापून येऊ लागल्या. लेखकाला कोणी पाहिलेलं नव्हतं. सगळा व्यवहार पत्रांनी. ही बाई तर नसेल, अशी कुजबुज सुरू झाली. १९७५ मध्ये रॉबर्ट सिल्व्हरबर्ग या नामवंत लेखकाने टिपट्रीच्या संग्रहाला प्रस्तावना लिहून ती शंका मोडीत काढली. त्यांच्या मते हे लेखन पुरुषाचंच होतं. थोड्याच काळात उघड झालं, की टिपट्री म्हणजे अ‍ॅलिस शेल्डन. टोपणनाव घेतलेलं मार्मालेडच्या बरणीवरून!

आता आपल्याकडे बघा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचा: ज. वि. ना., म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतलेली. कीर्तीला नव्हे, कथेला गुण मिळावेत, एवढाच हेतू.

गुपित फुटल्यावर टिपट्रीच्या कथांतला एक शब्दही बदलला नाही. मग ते ‘पुरुषीपण’ कुठे गेलं? ते मजकुरात नव्हतंच. वाचणाऱ्याने ते आपल्याबरोबर आणलं होतं. म्हणून नाव झाकून वाचताना परीक्षा लेखकाची नसते, आपलीच असते.