बांध नेमका कशाने ठरतो?

शेजाऱ्याने बांध कोरला, अशी तक्रार ऐकली की माझ्या पिढीचा कुणीही इंजिनियर चटकन म्हणतो, 'जीपीएसने मोजा, विषय संपेल.' पण मराठी मुलखात शिवेचे आणि बांधाचे तंटे तीनशे वर्षांपूर्वीही मिटत होते. तेव्हा गावात नकाशा नव्हता. मग निवाडा टिकायचा कशाच्या जोरावर?

शिवकाळात आणि पेशवाईत असे वाद गोतसभेपुढे किंवा पंचायतीपुढे जात. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, आसपासचे जाणते लोक बसत. साक्षीपुराव्याच्या आधी वादी-प्रतिवादींकडून राजीनामा घेतला जाई. हा राजीनामा नोकरी सोडण्याचा नव्हे. पंच जे ठरवतील ते मान्य करू, अशी ती लेखी राजीखुशी असे. सोबत जामीनही द्यावा लागे. निकालानंतर हरणारा यजितखत लिहून देई, म्हणजे आपला दावा खोटा ठरल्याची कबुली. जिंकणारा सरकारात हरकी भरी.

या व्यवस्थेतला हद्दीचा तज्ज्ञ होता गावचा महार. शीव कुठून जाते, खुणेचा दगड कोणता, हे त्याला ठाऊक असे आणि त्याच्या साक्षीला वजन असे. ज्याला गाव शिवू देत नव्हतं, त्याच्याच सांगण्यावर गावाची शीव ठरत होती. साक्षीपुरावा अपुरा पडला तर दिव्य करावं लागे. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढण्याचं रवादिव्यही त्यातलंच. म्हणजे त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. गावाच्या दबावाखाली दिलेली राजीखुशी कितपत खुशीची असेल, हाही प्रश्न आहेच.

1830च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर भागात नव्या पद्धतीची पाहणी सुरू केली आणि पुढे हद्द कागदावर आली. 33 फुटांची साखळी, तिचे 16 आणे. एका साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. शेतांना सर्व्हे नंबर मिळाले, हद्दीवर दगड रोवले गेले. जाणकाराच्या आठवणीची जागा भूकरमापकाने घेतली.

मोजमाप नक्कीच सुधारलं. पण दोघांनी आधी कबूल होण्याची पायरी मधल्या मध्ये गळाली. आज एक शेजारी हद्द कायम मोजणीचा अर्ज करतो, दुसऱ्याला नोटीस जाते. निकाल पटला नाही की निमताना मोजणी. दिवाणी कोर्टाने कमिशनर नेमला तरी त्याचा अहवाल हा पुरावाच ठरतो. शेवटचा शब्द कोर्टाचा आणि वर अपील.

माझ्या चुलत आजोबांच्या बांधाची दोनदा मोजणी झाली. दोन मोजण्यांतला फरक हातभर. दोन्ही घरांनी आपल्या सोयीची 'क' प्रत जपून ठेवली आहे आणि लग्नकार्याला एकमेकांकडे जाणं बंद आहे. हातभर जमिनीत किती ज्वारी पिकते, याचा हिशेब कुणी करत नाही.

प्रत्येक मोजमापात थोडी चूक राहतेच, हे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी शिकवतात. ती चूक कुणी सोसायची हे यंत्र सांगत नाही. ते माणसांनी आधी ठरवावं लागतं: मोजणारा दोघांच्या पसंतीचा, खर्च निम्मा-निम्मा आणि निघेल ती रेघ दोघांना बंधनकारक. जुन्या राजीनाम्यातलं एवढं तरी उचलता येईल. मात्र सह्या साखळी टाकण्याआधी व्हायला हव्यात. रेघ दिसल्यावर कुणी सही करत नाही.