कर्वे समिती, अंबर चरखा आणि आमच्या सोसायटीचा झाडू

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चाललाय. झाडलोटीला यंत्र घ्यायचं, की आत्ता झाडणाऱ्या तिघीजणींनाच ठेवायचं? मी त्यांच्या बाजूने बोललो, तर "काका, जग कुठे गेलं!" म्हणून ऐकवून झालं. असो. पण या वादात एक पुणेकर फार पूर्वीच अडकला होता, ते सांगायलाच हवं.

दत्तात्रय गोपाळ कर्वे. बीएमसीसीचे पहिले प्राचार्य. (महर्षी नव्हेत, कर्वे रस्ता वेगळ्या कर्व्यांचा.) १९५५ साली, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या तयारीत, ग्रामोद्योग आणि लघुउद्योगांसाठी समिती नेमली गेली, तिचे ते अध्यक्ष. प्रश्न होता कापडाचा. लोकांना जास्त कापड लागणार, ते विणायचं कुणी? देशाकडे भांडवल तुटपुंजं, ते पोलाद आणि अवजड यंत्रांत घालायचं ठरलेलं. हात मात्र कोट्यवधी रिकामे. समितीने सांगितलं, गिरण्यांचे माग वाढवू नका, वाढीव कापड हातमागावर होऊ द्या, आणि सुतासाठी अंबर चरखा आणा. हा चरखा म्हणजे माळ्यावरचा आजीचा पेटी चरखा नव्हे. याला चार चात्या, सूत बरंच जास्त.

यावर देशभर खडाजंगी झाली. अमर्त्य सेन तेव्हा विशीतले. उत्पादनतंत्राच्या निवडीवरचं त्यांचं पुस्तक १९६० साली आलं, त्यात अंबर चरख्याचाही हिशोब आहे. मुद्दा रोखठोक: कातणाऱ्याची मजुरी भागवून पुढच्या गुंतवणुकीला काय उरतं? जवळपास काहीच नाही. मग उद्याचे रोजगार कशातून उभे राहणार?

बिनतोड वाटतं ना? पण बेकार माणूसही जेवतोच, कुणाच्या तरी ताटातलं. तो खर्च हिशोबात धरायचा की नाही? आणि गिरणीत उरलेला नफा मालक नव्या कामातच घालील, याची हमी कोण देणार?

डेव्हिड रिकार्डोसारख्या नफ्या-तोट्याच्या पंडितालाही इथे माघार घ्यावी लागली होती. यंत्राने शेवटी सगळ्यांचंच भलं होतं, असं तो मानायचा. १८२१ साली स्वतःच्याच ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत नवं प्रकरण घालून त्याने कबूल केलं की यंत्र मजुरांच्या मुळावर येऊ शकतं. (त्याच वर्षी आपल्या विश्रामबागवाड्यात पाठशाळा सुरू झाली, पुढे तिचंच डेक्कन कॉलेज झालं.)

बरं, मग जिंकलं कोण? गिरण्यांचे माग अडवले गेले. अंबर चरखा काही देशाला सूत पुरवू शकला नाही. वाढलं तिसरंच काहीतरी: इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीचे यंत्रमाग. गिरण्यांनी मोडीत काढलेले मागही तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये खडखडू लागले. स्वस्त यंत्र, स्वस्त माणूस, बारा-बारा तासांची पाळी. समितीने हे मागितलं नव्हतं, सेननीही नाही.

म्हणून रविवारच्या मीटिंगमध्ये मी एवढंच विचारणार आहे. यंत्राने वाचणारे पैसे कुठे जाणार? मेन्टेनन्स कमी होणार, की गेटला नवी कमान? आणि त्या तिघींपैकी एकीला तरी ते यंत्र चालवायला शिकवणार आहोत का?