ऑनलाइन खेळांतील स्वयंचलित साधने : किंमत किती, मोल किती?

हावडा शहराच्या शिबपूर भागात आचार्य जगदीशचंद्र बोस भारतीय वनस्पती उद्यान आहे. उद्यानाच्या समोर, हुगळी नदीच्या पलीकडच्या तीरावर, कोलकात्यातील गार्डन रीच ही दाट वस्ती लागते. याच वस्तीत सक्तवसुली संचालनालयाने १० सप्टेंबर २०२२ रोजी घातलेल्या छाप्यात १७ कोटी ३२ लाख रुपयांची रोकड सापडली होती. प्रकरण ‘ई-नगेट्स’ नावाच्या मोबाइलवरील खेळाचे होते. एका बँकेच्या तक्रारीवरून पार्क स्ट्रीट पोलीस ठाण्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये गुन्हा नोंदविण्यात आला होता. संचालनालयाने दिलेल्या माहितीनुसार, सुरुवातीला खेळणाऱ्यांना कमिशन मिळत असे आणि जमा रक्कम विनासायास काढता येत असे. विश्वास बसल्यावर लोक मोठ्या रकमा भरू लागले. मग कोणते ना कोणते कारण सांगून पैसे काढण्याची सोय थांबविण्यात आली आणि अखेर खेळाडूंच्या खात्यांची माहितीच सर्व्हरवरून पुसली गेली.

पडद्यापलीकडे नेमके कोण आहे, हे ऑनलाइन खेळणाऱ्याला दिसत नाही. समोर दुसरा खेळाडू असेल, एखादा संगणकीय कार्यक्रम असेल किंवा पैसे गोळा करण्यापुरते रंगविलेले नुसते चित्र असेल. स्वयंचलित साधनांच्या किमतीचा आणि उपयुक्ततेचा हिशेब मांडताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते.

खेळाडूच्या जागी बसून खेळणाऱ्या अशा कार्यक्रमाला ‘बॉट’ म्हणतात. ‘रोबॉट’ या शब्दाचे हे लघुरूप. मराठीत त्यासाठी रूढ प्रतिशब्द नाही. ‘कळसूत्री’ म्हणावे तर बाहुलीमागे दोरी ओढणारा जागा असतो. येथे तो बहुधा झोपलेला असतो. या साधनांचे ढोबळमानाने तीन प्रकार सांगता येतील. पहिला, ठरावीक कळा किंवा माऊस पुन्हा पुन्हा दाबणारे साधे कार्यक्रम. दुसरा, पडद्यावरील किंवा संगणकाच्या स्मृतीतील माहिती वाचून स्वतः निर्णय घेणारे बॉट. तिसरा, खेळ तयार करणाऱ्या कंपनीनेच खेळात दिलेली ‘ऑटो’ सोय. पहिल्या प्रकारातील ‘ऑटोहॉटकी’सारखी साधने विनामूल्य मिळतात. तिसऱ्यासाठी बहुतेक वेळा वेगळे पैसे पडत नाहीत. बाजार आहे तो मुख्यतः दुसऱ्या प्रकाराचा.

या बाजाराचे आकडे सहसा उजेडात येत नाहीत. मात्र अमेरिकेतील एका खटल्यामुळे ते न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदले गेले. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाला. खेळाडूला दरमहा १४ ते १५ डॉलर वर्गणी भरावी लागे. पुढच्याच वर्षी मायकेल डॉनेली या प्रोग्रॅमरने ‘ग्लायडर’ नावाचा बॉट १५ ते २५ डॉलरना विकण्यास सुरुवात केली. मालक झोपलेला किंवा कामावर गेलेला असताना ग्लायडर त्याच्या पात्राला लढवीत असे आणि वरच्या पायरीवर नेऊन ठेवीत असे. ब्लिझर्ड या मूळ कंपनीने ‘वॉर्डन’ हा पहारेकरी कार्यक्रम आणून ग्लायडर वापरणाऱ्यांची खाती बंद केली. त्यावर वॉर्डनला चुकविणारी नवी आवृत्ती आली आणि तिच्यासाठी दरमहा ५ डॉलर जादा आकारण्यात येऊ लागले. सप्टेंबर २००८ पर्यंत ग्लायडरचे सुमारे १ लाख २० हजार परवाने विकले गेले होते आणि त्यातून ३५ लाख डॉलर जमा झाले होते. म्हणजे दर परवान्यामागे सरासरी २९ डॉलर.

त्या वेळच्या सुमारे ४४ रुपयांच्या दराने २५ डॉलर म्हणजे ११०० रुपये होतात. रात्र-रात्र जागण्याऐवजी एकदा ११०० रुपये मोजले, तर सौदा स्वस्त वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच निकालपत्रात दुसरा आकडाही आहे. डिसेंबर २००४ ते मार्च २००८ या काळात बॉटविषयी ४ लाख ६५ हजार तक्रारी आल्या आणि त्यांची दखल घेण्यासाठी वर्षाला ९ लाख ४० हजार डॉलर खर्च होतात, असे ब्लिझर्डने न्यायालयास सांगितले होते. सुमारे ५ हजार २०० खेळाडूंची वर्षभराची वर्गणी एकत्र केली, तर ही रक्कम भरते. बॉट न वापरणाऱ्यांनी भरलेले पैसे बॉट हुडकण्यात जात होते, असा याचा सरळ अर्थ आहे.

या खटल्यात नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने १४ डिसेंबर २०१० रोजी निकाल दिला. खेळाच्या अटी मोडून बॉट वापरणे हा कराराचा भंग असला, तरी तेवढ्याने कॉपीराइट कायद्याचा भंग होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र वॉर्डनचा पहारा चुकविणारे साधन विकण्याबद्दल विक्रेत्यास काही अंशी जबाबदार धरण्यात आले. पुढे एप्रिल २०१७ मध्ये बॉसलँड या जर्मन बॉटविक्रेत्या कंपनीने ब्लिझर्डला ८५ लाख ६३ हजार ६०० डॉलर द्यावेत, असा आदेश कॅलिफोर्नियातील न्यायालयाने दिला. अमेरिकेत झालेल्या ४२ हजार ८१८ विक्रींमागे प्रत्येकी २०० डॉलर असा तो हिशेब होता. दक्षिण कोरियाने तर अशा साधनांचे वाटप थेट कायद्यानेच गुन्हा ठरविले. सर्वत्र रोख विकणाऱ्यावर राहिला. विकत घेणाऱ्यावर खटले भरले गेले नाहीत. त्याचे खाते तेवढे गेले.

आता हाच हिशेब हावड्यातील एखाद्या घरात करून पाहू. समजा, २०० वॅटचा संगणक रोज रात्री आठ तास बॉट चालविण्यासाठी सुरू ठेवला. महिन्याला ४८ युनिट वीज जळेल. हावड्यात सीईएससी वीज पुरविते. युनिटला ढोबळपणे सात रुपये धरले, तर ३३६ रुपये होतात. विजेच्या वापराबरोबर दराची पायरीही चढत असल्याने प्रत्यक्षात आकडा याहून अधिक भरू शकेल. बॉट ‘फुकट’ उतरवून घेतला असला, तरी घरच्या बिलात ही रक्कम येतेच. बिल बहुधा खेळणारा मुलगा भरीत नाही, त्यामुळे ते हिशेबात धरले जात नाही, एवढेच.

याहून मोठी जोखीम खात्याची आणि यंत्राची असते. बॉट चालण्यासाठी विषाणूरोधक कार्यक्रम बंद करा, संगणकाचे सर्वाधिकार द्या, अशी सूचना पुष्कळदा दिलेली असते. घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती देण्यासारखाच हा प्रकार आहे. त्याच संगणकावर बँकेचे व्यवहार होत असतील, तर खेळातील काल्पनिक नाण्यांपायी खरी नाणी धोक्यात येतात. मोबाइलवर तर यंत्रच खेळाबाहेर जाऊ शकते. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या खेळाच्या कंपनीने डिसेंबर २०२१ पासून, बेकायदा कार्यक्रम आढळल्यास केवळ खाते नव्हे, तर तो फोनच खेळासाठी कायमचा बंद करण्याचे धोरण लागू केले. अशा फोनवर नवे खाते उघडूनही उपयोग होत नाही. चारशे-पाचशे रुपयांच्या साधनासाठी पंधरा हजारांचा फोन पणाला लावला जातो, तो असा.

मिळकतीच्या बाजूला काय उरते? बॉट वेळ वाचवितो, हे खरे. पण सगळ्यांनीच बॉट लावले तर खेळात नाण्यांचा पूर येतो, वस्तूंचे भाव चढतात आणि कालची शंभर नाणी आज दहाच्या किमतीची होतात. चलनफुगवटा समजण्यासाठी अर्थशास्त्राचे पुस्तक उघडण्याची गरज नाही, इतके हे स्पष्ट दिसते. हाताने खेळून आठवड्यात मिळविलेल्या तलवारीचे मोल शेजाऱ्याचा बॉट एका रात्रीत उतरवतो. आणि ज्या खेळात आपण स्वतः खेळतच नाही, तो विकत तरी कशासाठी घ्यायचा, हा प्रश्न उरतोच.

पैशांच्या पत्त्यांत चित्र अधिक गंभीर होते. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या जुगारविषयक कायद्याने ब्रिज, पोकर, रमी आणि नॅप हे पत्त्यांचे खेळ जुगाराच्या व्याख्येतून वगळले होते. हे कौशल्याचे खेळ, ही त्यामागची धारणा. कायदा झाला तेव्हा चार माणसे टेबलाभोवती समोरासमोर बसत. कौशल्य माणसाचेच असणार, हे गृहीत होते. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या कार्यक्रमाने चार व्यावसायिक खेळाडूंशी २० दिवसांत पोकरचे १ लाख २० हजार डाव खेळून त्यांना हरविले. त्यासाठी महासंगणक लागला होता. अवघ्या दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याच संशोधकांचा ‘प्लुरिबस’ सहा जणांच्या टेबलावर जिंकला. त्याची मूळ व्यूहरचना एका सर्व्हरवर आठ दिवसांत तयार झाली होती आणि भाड्याच्या संगणकावर तिचा खर्च १५० डॉलरहून कमी, म्हणजे सुमारे १० हजार रुपये, आला असता. गैरवापर होईल, या भीतीने संशोधकांनी तो कार्यक्रम खुला केला नाही.

महासंगणकापासून दहा हजार रुपयांपर्यंतचा हा उतार या विषयातील सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. काल्पनिक तलवारींच्या खेळात बॉटमुळे इतरांचा वेळ वाया जातो. पैशांच्या डावात बॉटची कमाई म्हणजे समोरच्या माणसाचा थेट तोटा असतो. त्यातही बॉट खेळाडूनेच बसविलेला असेल, असे नाही. खेळ चालविणारी कंपनी ग्राहकांना न सांगता त्यांच्यासमोर संगणकीय कार्यक्रम बसवीत होती, असा आरोप सक्तवसुली संचालनालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये एका गेमिंग कंपनीवर केला. हा तपास यंत्रणेचा आरोप आहे, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

त्यापूर्वीच संसदेने ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन विधेयक संमत केले होते आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना भेद या कायद्याने ऑनलाइन पैशांच्या खेळांपुरता बाजूला ठेवला. असे खेळ देऊ करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद त्यात आहे. खेळणाऱ्यास शिक्षा नाही. संमतीनंतर देशातील प्रमुख कंपन्यांनी पैशांचे डाव थांबविले. त्यामुळे ‘रमीत हमखास जिंकून देणारा बॉट’ अशी जाहिरात यापुढे दिसली, तर ज्या खेळात तो वापरायचा, तो खेळच कायद्याबाहेरचा आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

स्वयंचलित साधन सरसकट टाकाऊ आहे, असे मात्र नाही. हाताची बोटे नीट चालत नाहीत, अशा खेळाडूला एका कळीत चार क्रिया बसवून देणारी सोय खेळात टिकून राहण्यास मदत करते आणि काही खेळांच्या सेटिंगमध्ये ती अधिकृतपणे दिलेली असते. एकट्याने खेळावयाच्या खेळांत, जेथे समोर दुसरा माणूस नाही, तेथे विनामूल्य साधने वापरल्याने कोणाचे बिघडत नाही. कोणतेही साधन बसविण्यापूर्वी खेळाच्या अटींमध्ये त्यास परवानगी आहे काय, ते पाहावे आणि बँकेचे व्यवहार होतात त्या यंत्रावर ते बसवू नये. साधन विकणाऱ्याने किंवा खेळ चालविणाऱ्याने पैसे लुबाडले असतील, तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर तक्रार होईल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी गोठविता येण्याची शक्यता अधिक असते.